खाटेभोवतीची भाषा : अकस्मात रुग्णालयात दाखल झालेले मूल आणि त्याचे कुटुंब

मुलाचे आजारपण ही कोणत्याही घराला अपरिचित गोष्ट नव्हे. ताप, पडसे, खोकला, पोटदुखी यांविषयी बोलण्याची प्रत्येक घराची भाषा ठरलेली असते. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने गुळगुळीत झालेली असून तिच्यात काय बोलावे आणि काय ओठांबाहेर काढू नये, हे आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक असते. मुलाचे अकस्मात रुग्णालयात दाखल होणे ही मात्र निराळी घटना आहे. तास-दोन तासांच्या अवधीत कुटुंब अशा जागी येऊन उभे राहते, की जेथे घरची भाषा पुरत नाही आणि तेथली भाषा समजत नाही. तरीही बोलावे लागतेच : डॉक्टरांशी, परिचारिकांशी, गावाकडे राहिलेल्या वडीलधाऱ्यांशी, शेजारच्या खाटेवरील मुलाच्या आईशी आणि, सर्वांत अवघड म्हणजे, खुद्द त्या मुलाशी. हे बोलणे कसे घडते, त्यासाठी मराठीचे व्याकरण कुटुंबाच्या हाती कोणती साधने देते आणि रुग्णालयाने ती ओळखली नाहीत तर काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्रसंग समोर ठेवणे इष्ट होईल. तो कल्पित आहे. परंतु जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयातील बालरुग्ण विभागात आठवडाभर बसणाऱ्यास त्यातील बहुतेक वाक्ये ऐकावयास मिळतील. सहा वर्षांची मुलगी आहे. दोन दिवस तिला ताप होता आणि गावातल्या डॉक्टरांचे औषध चालू होते. तिसऱ्या रात्री तिला आकडी आली आणि नंतर ती नीट शुद्धीवर येईना. शेजाऱ्याच्या जीपमधून तालुक्याचे गाव, तेथून रुग्णवाहिकेने जिल्ह्याचे गाव, असा प्रवास होऊन पहाटे ती अतिदक्षता विभागात दाखल झाली. मेंदूज्वराचा संशय आहे. आई विभागाच्या दाराशी, वडील औषधांचे दुकान आणि रक्ततपासणीची खिडकी यांच्यामधील धावपळीत, आजी व चार वर्षांचा धाकटा भाऊ गावी, मामा वाटेत, असे हे कुटुंब एका रात्रीत चार ठिकाणी विखुरले आहे.

घरच्या भाषेत आजार हा येणारा-जाणारा असतो आणि मूल हे त्याच्या येण्याचे ठिकाण असते. 'मुलीला ताप आला', 'तिला खोकला झाला', 'तिला ग्लानी आली', 'तिला झोप लागली' या सर्व वाक्यांत आजारी व्यक्ती 'ला' हा प्रत्यय घेऊन येते. ताप मात्र येतो, चढतो, रेंगाळतो, उतरतो आणि जातो. 'मळमळते', 'कळमळते' यांसारख्या, परंपरागत व्याकरणाने भावकर्तृक म्हणून वेगळ्या काढलेल्या क्रियापदांत तर येणाराही दिसत नाही. क्रिया तेवढी घडते. ही रचना एकट्या मराठीची नव्हे. आर्य व द्राविड या दोन्ही कुलांतील भारतीय भाषांत ती आढळते. पण मराठी कुटुंबाला तिचा एक विशेष उपयोग होतो. जे येते ते आपल्या कोणाच्या करणीने येत नाही, आणि जे आले ते जाऊही शकते, ही समजूत या रचनेत आयतीच मिळते.

येणाऱ्याविषयी वावगे बोलू नये, हाही या भाषेचा नियम आहे. देवीच्या साथीला बोलीभाषेने रोगाचे नाव दिलेच नाही. 'देवी आल्या' असे अनेकवचनात म्हटले, मग ते अनेकवचन फोडांचे समजावे की आदराचे. भारतात तो रोग १९७५ मध्ये थांबला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. परंतु अशुभाला त्याच्या नावाने हाक न मारण्याची सवय त्याबरोबर गेली नाही. दिवा आपण विझवीत नाही, शांत करतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरात वेडेवाकडे बोलले की वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे मुलांना सांगावे लागत नाही. म्हणूनच प्रस्तुत प्रसंगातील आजी फोनवर 'आकडी' हा शब्द उच्चारीत नाही. 'पोरीला रात्री तसं झालं' एवढेच ती म्हणते, आणि आईही डॉक्टरांना प्रथम तेच सांगते : 'एकदम तसंच झालं हो तिला.'

घरात 'तसं' या सर्वनामाने काम भागते, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. डॉक्टरांना मात्र त्यामागील तपशील हवा असतो : आकडी किती वेळ टिकली, एका अंगाला आली की दोन्ही, डोळे कोणीकडे फिरले होते, दातखीळ बसली का, मुलीला नंतर हाक ऐकू येत होती का. पाच मिनिटांहून अधिक काळ चालणारी आकडी ही तातडीच्या उपचाराची स्थिती मानली जाते. तेव्हा 'तसं' या एका शब्दाआड निदानाचा मोठा भाग झाकलेला असतो. अशा वेळी 'नीट सांगा' म्हणून आवाज चढविण्याने फारसे साधत नाही. अनुभवी डॉक्टर 'करून दाखवा' असे म्हणतात. आई आपल्या हाताने तो झटका दाखविते, न बोलता. जे बोलणे निषिद्ध आहे ते दाखविणे निषिद्ध नसते.

यानंतर येतो तो प्रश्न, की ज्याचा घाव पुढे वर्षानुवर्षे राहतो : 'एवढा उशीर का केलात?'

मराठीत 'करणे' आणि 'होणे' ही जोडी कर्त्याच्या जबाबदारीचा काटा आहे. 'उशीर झाला' या वाक्यात उशीर हाच कर्ता आहे आणि दोष कोणाच्याच पदरी जात नाही. 'उशीर केलात' या वाक्यात शेवटचा 'त' समोरच्या माणसाकडे बोट दाखवितो. डॉक्टरांच्या मनात बहुधा वेळापत्रक असते. ताप कधी आला, औषध कधी दिले, आकडी किती वाजता आली हे त्यांना हवे असते. पण आईच्या कानावर आरोप पडतो, आणि आरोपी माणूस वेळा नेमक्या सांगत नाही. तो त्या आपल्या बाजूने ओढतो. शनिवारी दुपारचा ताप रविवारी सकाळी आलेला होतो. 'आधी काय झालं, मग काय झालं, मग तुम्ही कुठे नेलंत?' असा तोच प्रश्न 'होणे'च्या वाटेने विचारला तर उत्तर अधिक खरे येते. हा सौजन्याचा मुद्दा आहेच. परंतु त्याहून अधिक तो रोग्याचा पूर्वेतिहास बिनचूक मिळण्याचा मुद्दा आहे.

कुटुंबाच्या आत हीच जोडी निराळे काम करते. दिवस उजाडेपर्यंत आई स्वतःच 'करणे'कडे वळलेली असते : 'मीच उशीर केला. काल संध्याकाळीच आणायला हवं होतं.' दुपारी आलेला तिचा भाऊ तिला काय सांगतो? 'असं नको म्हणूस ताई. उशीर झाला. गाडी मिळाली नाही, रात्रीची वेळ होती.' या सांत्वनात नवी माहिती कोणतीच नाही. गाडी मिळाली नव्हती हे तिलाही ठाऊक आहे. भावाने केवळ क्रियापद बदलले आहे. 'केला' काढून 'झाला' ठेवले आहे. पुढील दोन-तीन दिवसांत हे दुरुस्तीचे काम सर्व नातेवाईक आळीपाळीने करतात. आणि जेथे ते होत नाही, जेथे पतिपत्नींमध्ये 'तू सांगितलं नाहीस', 'तुम्ही ऐकलं नाहीत' अशी वाक्ये सुरू होतात, तेथे घरातील माणसे एकमेकांपासून तुटू लागतात. मूल बरे होऊन घरी आले तरी ही वाक्ये विसरली जात नाहीत.

दाखल होण्यासाठी कुटुंबाने निवडलेले क्रियापदही पाहण्यासारखे आहे. रुग्णालयाच्या कागदावर 'दाखल केले' किंवा 'ॲडमिट' असते. वडील गावी फोन करतात तेव्हा म्हणतात, 'डॉक्टरांनी ठेवून घेतलंय.' या संयुक्त क्रियापदातील 'घेणे' क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते असे सुचविते. म्हणजे ठेवण्याची इच्छा आणि जबाबदारी डॉक्टरांची. शिवाय 'ठेवून घेणे' हे मराठीत पाहुणचाराचे क्रियापद आहे. सुटीत आलेल्या भाचीला मामा चार दिवस ठेवून घेतो. मुलीला परक्यांच्या स्वाधीन करून आलो, असे म्हणण्याऐवजी तिला कोणी आपलेपणाने ठेवून घेतले, असे ते वाक्य म्हणते. रुग्णविभागात आयाबाईंना 'मावशी' आणि वॉर्डबॉयना 'मामा' म्हणण्याची महाराष्ट्रभर जी रूढी आहे, ती याच वाक्याचा विस्तार समजावी. मावशी आणि मामा ही दोन्ही नाती आईच्या माहेरची आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. रुग्णालयात ज्यांच्या हातून अंग पुसले जाते, कपडे बदलले जातात, खुर्ची ढकलली जाते, त्यांना काका किंवा आत्या म्हटले जात नाही. दरम्यान आईचे स्वतःचे नाव मात्र नाहीसे होते. मुलीला खाट मिळाली की शेजारणींच्या तोंडी तिची आई 'सात नंबरची आई' होते, आणि सात नंबरच्या आईला नऊ नंबरची आई चहा आणून देते, कारण नऊ नंबर आठवडाभर आधीपासून तेथे आहे आणि कोणत्या वेळी कोणते डॉक्टर बोलतात, हे तिला माहीत आहे. नवख्या कुटुंबाला रुग्णालयाची भाषा शिकविणारी खरी शिक्षिका बहुधा हीच असते. तिचे भाषांतर नेहमीच बरोबर असते असे नाही.

कारण रुग्णालयाच्या भाषेतील अवघड शब्द हे परके शब्द नव्हेत. 'व्हेंटिलेटर' कळला नाही तर माणूस विचारतो. घोटाळा होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत. 'प्रकृती स्थिर आहे' या वाक्याचा डॉक्टरांच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की नाडी, रक्तदाब, श्वास ही मापे गेल्या काही तासांत बिघडलेली नाहीत. अत्यवस्थ मूलही स्थिर असू शकते. कुटुंब 'स्थिर' म्हणजे 'बरे' असे ऐकते. तपासणीचा निष्कर्ष 'निगेटिव्ह' आला म्हणजे काही वाईट निघाले, असे अनेकांना प्रथम वाटते. 'ऑक्सिजन लावला' हे वाक्य गावाकडे पोहोचेपर्यंत शेवटच्या घटकेची बातमी होते. '७२ तास काही सांगता येणार नाही' हे विधान डॉक्टरांच्या बाजूने अनिश्चिततेचे आहे. कुटुंब त्याला मुदतीचे विधान समजते, आणि ७२ तास उलटले की धोका टळलाच, असे धरून चालते. चौथ्या दिवशी प्रकृती बिघडली तर डॉक्टरांनी शब्द मोडला, अशी भावना होते.

या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखा शब्द 'पाणी' हा आहे. मेंदूज्वराच्या निदानासाठी पाठीच्या कण्यातील द्रवाचा नमुना घ्यावा लागतो. जीवाणूंमुळे झालेला मेंदूज्वर आणि विषाणूंमुळे झालेला मेंदूज्वर यांचे उपचार निराळे असून, हा भेद करण्यास तो नमुना फार उपयोगी पडतो. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, घालतात. मराठी रुग्णालयांत या क्रियेला सर्रास 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतात. आता 'पाणी काढणे' या शब्दांनी काय सूचित होते ते पाहावे. 'काढणे' म्हणजे आत असलेले बाहेर करणे, रिते करणे. 'अंगात पाणी नाही' म्हणजे अंगात त्राण नाही. 'पाणी कमी झालंय' म्हणून ज्या मुलीला सलाईन लावले, तिच्याच पाठीतले पाणी काढावयाचे, हे आईला विसंगत वाटते. आणि पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते, ही ऐकीव भीती तिला बळ देते. या तपासणीला नकार देणारी कुटुंबे बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाची आहेत. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु नकार तपासणीला नसून शब्दांना असतो, हे जेथे ओळखले जाते तेथे वाक्य बदलते : 'रक्त तपासायला घेतो ना, तसे पाठीतून चार थेंब तपासायला घेऊ.' 'काढणे' गेले, 'घेणे' आले. 'पाणी' गेले, 'थेंब' आले. वैद्यकदृष्ट्या हे वाक्य पहिल्यापेक्षा अधिक अचूक आहे, हे विशेष.

संमतिपत्राचा प्रश्न येथे उपस्थित होतो. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की रुग्णाची संमती खरी ठरावयाची तर ती पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे. लहान मुलाच्या बाबतीत ही संमती आईवडिलांची असते. पण पहाटे चार वाजता वडिलांपुढे जो कागद येतो तो पुष्कळदा इंग्रजीत असतो, आणि मराठीत असला तरी 'गुंतागुंत उद्भवल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही' या थाटाच्या मराठीत असतो. वडील तो वाचीत नाहीत. 'कुठे सही करायची?' असे विचारतात. त्यांच्या दृष्टीने ती सही माहितीची पोचपावती नसून शरणागती असते. न्यायालयाला अभिप्रेत असलेली संमती ही भाषिक घटना आहे. ती कागदावर घडत नाही. घडलीच तर तोंडी दोन वाक्यांत घडते.

गावाकडे बातमी देण्याचे काम वडिलांकडे असते. तेथे मराठीच्या भविष्यकाळाच्या दोन रूपांतील भेद फार महत्त्वाचा ठरतो. 'बरी होईल' हे आख्यात अंदाज सांगते. 'बरी होणार' हे धातुसाधित गोष्ट ठरलेली असल्याचे सांगते. डॉक्टर, भाषा कितीही घाईची असली तरी, सहसा 'ईल'च्या पलीकडे जात नाहीत : 'होईल सुधारणा, बघू.' वडील आजीला सांगतात, 'बरी होणार आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय.' हे खोटे बोलणे आहे काय? आजीचे वय, घरातील धाकटे मूल, रात्रीची वेळ या सर्वांचा विचार करून वडिलांनी 'ईल'चा 'णार' केला आहे. आजीलाही हा बदल कळत असावा. कारण ती पुढे 'जेवली का?' एवढेच विचारते, आणि उत्तरातील विलंब मोजते. परंतु आठवड्यानंतर, प्रकृती खालावली असता, 'तुम्हीच म्हणाला होतात, बरी होणार' असे वडील डॉक्टरांना ऐकवितात आणि डॉक्टर 'मी असे म्हटलेच नाही' असे सांगतात, तेव्हा दोघेही आपल्या परीने खरे बोलत असतात. रुग्णालयांतील हिंसाचारास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा प्रत्येक तंट्याचे मूळ एका प्रत्ययात असते, असे म्हणणे हास्यास्पद होईल. बिले, गर्दी आणि अपुरे मनुष्यबळ ही कारणे अधिक मोठी आहेत. तरीही कोणते वाक्य बोलले गेले आणि कोणते ऐकले गेले, याची नोंद कोठेच राहत नाही, हेही खरे आहे.

आईची बातमी देण्याची पद्धत निराळी. ती 'मेंदूला सूज आहे म्हणे' असे म्हणते. हा 'म्हणे' संशयाचा नव्हे. ऐकीव माहितीचा हा प्रत्ययवजा शब्द येथे ढालीसारखा वापरलेला असतो. वाक्य डॉक्टरांचे राहते, आईचे होत नाही, आणि वास्तूने 'तथास्तु' म्हटलेच तर ते तिच्या वाक्याला लागू पडत नाही. जेथे 'म्हणे'ही पुरत नाही तेथे मराठीची शक्य क्रियापदे पुढे येतात : 'मला बघवत नाही', 'मला सांगवत नाही'. डोळे आणि जीभ शाबूत असून क्रिया होऊ शकत नाही, असे सांगणारे हे रूप दुःखाच्या भाषेत किती नेमके बसते, हे निराळे सांगावयास नको. नवसाचीही गोष्ट अशीच. मराठीत नवस 'बोलतात' आणि मग 'फेडतात'. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बोलणे हीच कृती असलेल्या उक्तींचे विवेचन केले. आजीने देव्हाऱ्यापुढे हात जोडून बोललेला नवस ही तशी शुद्ध उक्ती होय. शंभर कोसांवरून तिला जे करता येण्याजोगे होते, ते तिने केले.

राहता राहिले मूल. रुग्णालयातील बालकाविषयी विसाव्या शतकाच्या मध्यास जे मूलगामी काम झाले त्यात जेम्स रॉबर्टसन यांचा १९५२ मधील चित्रपट महत्त्वाचा आहे. दोन-अडीच वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, आणि भेटीच्या ठरावीक वेळेव्यतिरिक्त आई तिच्यापाशी नसते. तिच्यात दिवसेंदिवस होणारा बदल कॅमेऱ्याने टिपला आहे. या व तत्सम कामाच्या परिणामी ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना भेटीची मोकळीक द्यावी आणि लहान मुलांच्या आईला रुग्णालयात राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत आई खाटेशी असतेच. कधी कधी तिच्यावाचून शुश्रूषा चालणेच अशक्य असते. पण अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराने जुना विरह पुन्हा आणला आहे. त्या दाराआड दिवसातून दोनदा दहा मिनिटे मिळणाऱ्या आईला मुलीशी काय बोलावे, हा प्रश्न पडतो.

शुद्धीवर आल्यानंतर मुलीचे पहिले वाक्य बहुधा एकच असते : 'आई, घरी कधी जायचं?' उत्तर ठरलेले असते : 'उद्या.' या 'उद्या'ला पंचांगात स्थान नाही. दुसऱ्या दिवशीही ते 'उद्या'च असते आणि पाचव्याही. सहा वर्षांचे मूल उद्या म्हणजे काय ते पुरते जाणते. तिसऱ्या दिवशी ते विचारणे थांबविते. थांबले म्हणजे रमले, असा निष्कर्ष मोठी माणसे काढतात. सुईच्या बाबतीत असेच होते. 'मुंगी चावल्यासारखं होईल हं' असे परिचारिका प्रेमानेच म्हणते. पहिल्या वेळी मूल विश्वास ठेवते. तिसऱ्या वेळी 'मुंगी' हा शब्द ऐकताच हात आखडून घेते. सौम्य शब्दाने झाकलेली वस्तू तीच राहिली की काही काळाने तो शब्दच त्या वस्तूचा रंग घेतो. भाषाशास्त्रातील हा परिचित सिद्धान्त बालरुग्ण विभागात दोन दिवसांत सिद्ध होतो.

मुलांना काही कळत नाही, या समजुतीस सर्वांत मोठा धक्का मायरा ब्लूबाँड-लँगनर यांच्या १९७८ मधील ग्रंथाने दिला. अमेरिकेतील एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला. तो रोग त्या काळी बहुधा प्राणघातक होता. आज सुसज्ज केंद्रांत त्यातील बहुसंख्य मुले बरी होतात. त्यांना असे आढळले, की कोणी काहीही सांगितलेले नसता मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य कळलेले असते. ती माहिती ती इतर आजारी मुलांकडून, दाराबाहेरच्या कुजबुजीतून, आईच्या रडलेल्या डोळ्यांवरून जमवितात. आणि आपल्याला कळले आहे हे आईवडिलांना कळू नये, याची काळजीही घेतात. ग्लेझर व स्ट्राउस यांनी १९६५ मध्ये वर्णिलेले परस्परांपुढचे सोंग येथे सहा वर्षांचे मूल निभावीत असते. आईवडील मुलासाठी गप्प असतात आणि मूल आईवडिलांसाठी.

मराठी घरात हे सोंग एका सर्वनामाने चालते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे; 'आपण'मध्ये ऐकणारा सामील असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. डॉक्टर मुलीला म्हणतात, 'आपण औषध घेऊ या.' आई डॉक्टरांना सांगते, 'आज आपण दूध प्यायलो, हो की नाही ग?' येथवर सर्व 'आपण' आहे. मग डॉक्टर वडिलांना म्हणतात, 'जरा बाहेर या, आपण बोलू.' मुलीच्या कानावर पडलेला हा 'आपण' पहिल्यापेक्षा निराळा आहे, कारण त्यात ती नाही. ज्या शब्दात आतापर्यंत तिची जागा होती त्याच शब्दाने तिला वगळले जाते, आणि भाषा नुकती आत्मसात केलेल्या मुलाला ही गोष्ट थोरांपेक्षा लवकर समजते. तिला सर्व निदान सांगावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु 'बाबा डॉक्टरांना औषध किती दिवस ते विचारून येताहेत' हे खरे व पुरेसे वाक्य उपलब्ध असता, दार लोटून घेण्याची गरज नसते. धाकट्या भावाला गावी 'ताई मामाच्या गावाला गेली' असे सांगितलेले असते. मामा तर काल संध्याकाळी एकटाच पिशवी घेऊन निघताना त्याने पाहिलेला आहे.

प्रस्तुत प्रसंगातील मुलगी चौदाव्या दिवशी घरी जावयास निघते. डाव्या हाताच्या बोटांत थोडी दुर्बलता राहिली आहे आणि आकडीचे औषध चालू ठेवावयाचे आहे. 'बरं वाटतंय', 'बरी आहे' आणि 'बरी झाली' या तीन वाक्यांपैकी डॉक्टर दुसऱ्यापर्यंत आले आहेत, तिसऱ्यापर्यंत नाहीत, आणि आईने ते नीट ऐकले आहे. वडील गावी फोन करतात. 'उद्या घरी येतोय' एवढेच ते म्हणतात, कारण फोनभोवती माणसे जमली आहेत आणि कंठ दाटला आहे. पण हे वाक्य आजीला पुरत नाही. मराठीत रुग्णालयातून घरी येण्याची दोन वाक्ये आहेत. मूल बरे झाले की डॉक्टर 'घरी सोडतात'. उपाय संपले की 'घरी न्यायला सांगतात'. आजीच्या हयातीत दुसरे वाक्य या घराने एकदा ऐकलेले आहे. ती पदराने फोन पुसते, धाकट्याला जवळ ओढून घेते आणि विचारते, 'सोडलं का न्यायला सांगितलं?'

'सोडलं, आई. सोडलं.'